मुलांकडे लंडनला पहिल्यांदा जाताना

मुलगा किंवा लेक लंडनला रुळली की वर्षभरात "आईबाबा, आता तुम्ही या" सुरू होतं. तिकीट ती काढतात, फॉर्म तीच भरतात, विमानतळावर घ्यायलाही येतात. पण सोमवार उजाडला की दोघंही कामाला जातात आणि आईबाबा घरात बसून शनिवारची वाट बघतात. दीड-दोन महिने राहून आलेल्या कितीतरी जणांनी लंडन फक्त शनिवार-रविवारी पाहिलेलं असतं, तेही मोटारीच्या काचेतून. माझं ठाम मत आहे की तुम्ही दोघं मुलांशिवाय घराबाहेर पडून, दिवसभर फिरून संध्याकाळी स्वतःच्या किल्लीनं दार उघडून घरात येता, तेव्हा हा प्रवास खऱ्या अर्थानं सुरू होतो. पुढचं सगळं त्या दिवसाची तयारी म्हणून वाचा.

कागदपत्रं

तुम्हाला लागतो तो स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा. त्यावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं. दोन, पाच किंवा दहा वर्षांचा व्हिसाही मिळतो, पण त्यातही एका मुक्कामाची मर्यादा सहा महिन्यांचीच. अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा आणि तो प्रवासाच्या आधी तीन महिन्यांच्या आतच करता येतो. मग बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रात जायचं. मुंबईत आणि पुण्यात अशी केंद्रं आहेत. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांत निर्णय येतो. तो येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका.

फॉर्म मुलानं भरला तरी सही तुमची असते, म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक उत्तर स्वतः वाचून घ्या. तुम्ही परत येणार आहात आणि प्रवासाचा खर्च कुणाच्या तरी खऱ्या उत्पन्नातून होणार आहे, या दोन गोष्टी अधिकाऱ्याला पटायला हव्यात. पेन्शनची कागदपत्रं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, घराचे कागद जोडा. खर्च मुलगा करणार असेल तर त्याचं निमंत्रणपत्र, पगाराच्या स्लिपा, व्हिसा आणि पत्त्याचा पुरावाही लागतो. अर्जाच्या आधीच्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. ती कुठून आली हे कागदावर दाखवता आलं नाही तर शंका येते.

आपल्याकडे दोन ठिकाणी हमखास अडतं. पहिलं नाव. पासपोर्टवर सासरचं नाव, जुन्या बँक खात्यावर माहेरचं, घराच्या करारावर तिसरंच. जिथे फरक असेल तिथे विवाहनोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं गॅझेट जोडा. दुसरं, मराठीतले कागद. सातबारा किंवा मराठी दाखला जसाच्या तसा चालत नाही. त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत हवं.

सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. आजी-आजोबांनी नातवाला सांभाळण्यात काही गैर नाही. पण भेटीचं कारण कुटुंबाला भेटणं हेच असलं पाहिजे, मूल सांभाळण्याची नोकरी नव्हे. आळीपाळीनं येऊन वर्षभर सांभाळायचं असा बेत या व्हिसात बसत नाही. विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगा.

बॅग भरताना

भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, पनीर, घरचं तूप हे सगळं इथेच ठेवायचं. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांना बहुतेक वेळा वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हापूसची पेटी उचलून नेण्याचा मोह टाळा. हंगामात वेंबली, साउथॉल, टूटिंगच्या दुकानांत हापूस मिळतो. नेण्यासारखं म्हणजे गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, आमसुलं. लोणचं मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत बांधून ठेवा, कारण केबिन बॅगेत ते द्रवपदार्थ म्हणून काढून टाकतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या ज्वलनशील समजल्या जातात, म्हणून चेक-इनच्या बॅगेत ठेवू नका. याउलट पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत चालते.

औषधं पूर्ण मुक्कामाची आणि वर पंधरा दिवसांची न्या. ती मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, निम्मी हातातल्या बॅगेत असू द्या. तिथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि भारतातली चिठ्ठी तिथल्या औषधाच्या दुकानात चालेल यावर विसंबू नका.

कपड्यांच्या बाबतीत एकच सल्ला आहे. जाड स्वेटर एक आणि पातळ थर तीन-चार. जूनमध्येसुद्धा सकाळी गारठा, दुपारी ऊन, चारला पाऊस असं होतं. बूट मात्र नवे नकोत. इथे महिनाभर वापरलेले, पायात बसलेलेच न्या. म्युझियममध्ये दिवसाला आठ-दहा हजार पावलं सहज होतात.

विमानतळ आणि पहिले चार दिवस

मुंबईहून थेट विमान साडेनऊ-दहा तासांत हीथ्रोला पोचतं. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर मागायला संकोचू नका. तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवायचं. हीथ्रोवर विमानापासून बाहेरच्या दारापर्यंतचं चालणं खूप लांबचं आहे.

इमिग्रेशनला भारतीय पासपोर्टधारकांना अधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागतं. कशासाठी आलात, कुणाकडे राहणार, किती दिवस, मुलगा काय करतो, असे साधे प्रश्न येतात. मुलाचा पत्ता, फोन नंबर, परतीचं तिकीट आणि विमा हे सगळं छापून एका फोल्डरमध्ये ठेवा. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. इंग्रजी अडखळत असेल तर चार शब्दांची उत्तरं पुरतात. "टू मीट माय सन. सिक्स वीक्स." एवढं पुरे.

तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं. त्यामुळे सुरुवातीला पहाटे तीनलाच टक्क जाग येते आणि संध्याकाळी सातला डोळे मिटतात. दुपारी न झोपता उजेडात फिरून या, चार-पाच दिवसांत गाडी रुळावर येते. तोवर कुठलंही मोठं ठिकाण ठरवू नका.

हे दिवस घर शिकण्यात घालवा. बाहेर पडताना किल्ली हातात घेतल्याशिवाय दार ओढू नका, तिथली बरीच दारं बंद होताच आपोआप कुलूपबंद होतात. फोडणी देताना खिडकी उघडा आणि चिमणीचा पंखा लावा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म किंचाळायला लागतो. बाथरूमच्या फरशीला बहुधा पाणी जायला जाळी नसते. अंघोळ टबात किंवा शॉवरच्या काचेआडच करायची. बाहेर सांडलेलं पाणी खालच्या घराच्या छतात झिरपतं आणि भाड्याच्या घरात त्याचा भुर्दंड मुलाला पडतो. कचऱ्याचे डबे वेगवेगळे असतात आणि उचलायचे वारही ठरलेले. नळाचं पाणी सरळ प्यायचं. आणि पितळेचा नसला तरी प्लास्टिकचा एक तांब्या जरूर न्या, तिथे तो सहज मिळत नाही.

भारतातलं सिम फोनमध्ये चालू ठेवा आणि निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. इंटरनेटसाठी तिथलं प्रीपेड सिम वेगळं घ्या. त्याशिवाय नकाशा चालणार नाही, आणि नकाशाशिवाय एकट्यानं फिरणं अवघड आहे.

एकट्यानं बाहेर पडणं

सुरुवात बसनं करा. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. ऑयस्टर हे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड किंवा बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चढताना यंत्रावर टेकवायचं. उतरताना टेकवायची गरज नाही. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, एका कार्डावर दोघं जाता येत नाही. पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात दुसरी, तिसरी बस पकडली तरी पैसे एकाच फेरीचे लागतात. भारतीय कार्डावर परकीय चलनाचं शुल्क पडू शकतं, म्हणून पैसे भरलेलं ऑयस्टर सोयीचं. साठी ओलांडलेल्यांना बस फुकट असते असं ऐकाल, पण तो पास लंडनच्या रहिवाशांसाठी आहे.

दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली तर वेगळी सहलीची बस करायची गरजच नाही. २४ नंबरची बस कॅम्डन टाउनवरून ट्राफल्गार स्क्वेअर आणि पार्लमेंट स्क्वेअरमार्गे पिम्लिकोला जाते. मला विचाराल तर पहिली एकट्यानं केलेली सफर हीच असावी. कुठेही चुकण्यासारखं नाही, आणि चुकलात तरी समोरच्या बाजूनं त्याच नंबरची बस परत नेते.

ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वे. तिथे आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा तेच कार्ड टेकवायचं. बाहेर पडताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहा, डावी बाजू घाईत असलेल्यांची. जिने जमत नसतील तर लिफ्ट असलेल्या स्टेशनांचा वेगळा ‘स्टेप-फ्री’ नकाशा मिळतो, तो छापून ठेवा. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात गर्दीही असते आणि भाडंही जास्त. तुम्हाला कुठे वेळेत पोचायचं नाही, दहानंतर निघा.

पहिल्या चार-पाच फेऱ्यांत मुलाला संध्याकाळी कुठे जाऊन आलात ते सांगा, जाण्याआधी परवानगी मागत बसू नका. त्यालाही हळूहळू तुमची काळजी कमी वाटू लागेल. आणि प्रत्येक किमतीला शंभरानं गुणायचं सोडा. आठवड्याला किती पौंड खर्च करायचे ते एकदा ठरवा आणि मग चहा पिताना हिशेब करू नका.

काय पाहायचं

दिवसाला एकच मोठं ठिकाण आणि दुसऱ्या दिवशी आराम किंवा जवळची बाग, हे सूत्र पाळलं तर शेवटच्या आठवड्यापर्यंत पाय साथ देतात.

ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी, सायन्स म्युझियम, नॅशनल गॅलरी या सगळ्यांत कायमस्वरूपी दालनं फुकट आहेत. म्हणूनच एका दिवसात संपवायचा हट्ट नको, दोनदा-तीनदा जा. ब्रिटिश म्युझियममध्ये बहुतेक जण रोझेटा शिळा आणि इजिप्तच्या ममी पाहून परततात. तुम्ही ३३अ क्रमांकाचं दालन चुकवू नका. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे चुनखडीत कोरलेले शिल्पपट तिथे काचेआड ओळीनं लावले आहेत. ते पाहून अभिमान आणि वेदना दोन्ही एकदम दाटून येतात.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधली वाघनखं पाहायला म्हणून तिकडे जाणाऱ्यांसाठी सूचना. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती त्या म्युझियमकडे गेली होती. ही शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत असा खात्रीशीर पुरावा नसल्याचं म्युझियम स्वतः सांगतं. टिपू सुलतानचा लाकडी वाघ आणि शाहजहानचा पांढऱ्या जेडचा प्याला याच म्युझियमचे. निघण्याआधी दक्षिण आशियाचं दालन उघडं आहे का ते संकेतस्थळावर बघून जा.

टॉवर ऑफ लंडनला तिकीट आहे आणि ते स्वस्त नाही, पण ऑनलाइन काढून एकदा जाच. उघडल्याबरोबर पोचा आणि बाकी काही न बघता थेट ज्वेल हाउस गाठा. १८४९ मध्ये बाल महाराजा दुलीपसिंगांकडून घेतलेला कोहिनूर तिथे राजमाता एलिझाबेथ यांच्या १९३७ च्या मुकुटात आहे. मुकुटांसमोरून सरकती पट्टी तुम्हाला पुढे नेते, पण गर्दी नसेल तर परत फिरून पुन्हा जाता येतं. आत फोटो काढायला मनाई आहे. टॉवरच्या रखवालदारांची माहितीफेरी तिकिटातच येते. व्हाइट टॉवरचे जिने अरुंद आणि चक्राकार आहेत, गुडघ्यांचा विचार करूनच चढा.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. लंडनमध्ये मराठी माणसासाठी एक वेगळीच यात्रा आहे, आणि ती मोठ्या सहल कंपन्यांच्या यादीत क्वचितच दिसते.

पहिलं ठिकाण १० किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारनं हे घर २०१५ मध्ये विकत घेतलं आणि १४ नोव्हेंबर २०१५ ला त्याचं स्मारक म्हणून उद्घाटन झालं. चॉक फार्म स्टेशनपासून ते चालत दहा मिनिटांवर आहे. प्रवेश फुकट, पण वेळा आणि सुट्ट्या आधी तपासून घ्या. घर पाहून झालं की शेजारच्या प्रिमरोझ हिलवर चढा. चढण सोपी आहे आणि वरून सगळं लंडन दिसतं. पुढच्या दिवशी हॉबर्नला उतरून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारावरून चालत ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेपर्यंत जा. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध आणि १९२३ ची डी.एस्सी. ही पदवी या भागातली, आणि बॅरिस्टरीही ग्रेज इनची. ग्रेज इनची बाग कामाच्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळात लोकांसाठी खुली असते.

दुसरं, १० हाउली प्लेस. शिरोळच्या, म्हणजे ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलच्या विरोधातल्या बदनामीच्या खटल्यासाठी लोकमान्य टिळक विलायतेला गेले, तेव्हा १९१८-१९ मध्ये इथे राहिले. खटला ते हरले, पण त्या मुक्कामात त्यांनी स्वराज्याची मागणी ब्रिटिश जनतेसमोर नेली. घरावर निळी फलक-तबकडी आहे. वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनवरून जायचं, आणि जवळच लिटल व्हेनिसचा कालवा आहे. त्याच्या काठी बाकावर बसून डबा खायला सुरेख जागा आहे.

तिसरं, हायगेटमधलं ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये सुरू केलेलं हे इंडिया हाउस. १९०६ मध्ये लंडनला आलेले विनायक दामोदर सावरकर इथेच राहिले. त्यांच्या नावाचा फलक दर्शनी भिंतीवर आहे. आर्चवे स्टेशनवरून थोडी चढण चालावी लागते.

टिळकांचं आणि सावरकरांचं घर आज खासगी मालकीचं आहे. समोरच्या फुटपाथवरून पाहायचं, घंटी वाजवायची नाही, पायऱ्यांवर हार-फुलं ठेवायची नाहीत. तिथे राहणाऱ्यांना त्रास झाला तर पुढच्या येणाऱ्यांचं स्वागत बिघडतं.

पार्लमेंट स्क्वेअरमध्ये २०१५ मध्ये उभारलेला गांधीजींचा पुतळा आहे. एलफिन्स्टन कॉलेजचे प्राध्यापक दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये ज्या फिन्सबरी सेंट्रल मतदारसंघातून संसदेत निवडून गेले, त्या भागात आज त्यांच्या नावाची गल्ली आहे. ग्रिनिचला नदीतून बोटीनं जा. वेधशाळेत जिथून जगाचे रेखांश मोजतात ती रेषा आहे, आणि टेकडीवरचा देखावा फुकट. नीसडनचं स्वामीनारायण मंदिर १९९५ मध्ये उभं राहिलं, त्यातलं संगमरवराचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे. डॉलिस हिलला १९३२ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ लंडन आहे. गणपतीच्या दिवसांत गेलात तर तिथे नक्की डोकवा, मराठी बोलणारी चार माणसं भेटली की परकं वाटत नाही.

लंडनबाहेर जायचं तर विंडसर, स्टोनहेंज, बाथ ही नावं सगळे सांगतील. विंडसरचा किल्ला मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो एवढं लक्षात ठेवा. मी त्यात ब्रायटनची भर घालेन. पहिल्या महायुद्धात जखमी भारतीय सैनिकांसाठी तिथल्या राजवाड्याचं रुग्णालय केलं होतं. दगावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन ज्या टेकडीवर झालं, तिथे १९२१ मध्ये संगमरवरी छत्री उभारली गेली. लंडनहून रेल्वेनं तासाभराचा रस्ता. साठीच्या पुढच्यांना सीनियर रेलकार्ड घेता येतं, त्यावर तिकिटाचा एक तृतीयांश वाचतो, आणि पासपोर्ट दाखवून ते पाहुण्यांनाही मिळतं.

तब्येत

विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया काहीही लपवू नका. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जातो. तिथल्या सरकारी रुग्णालयात तातडीच्या विभागात उपचार फुकट होतात, पण दाखल केलं की पाहुण्यांना खर्चाच्या दीडपट बिल लागतं. तातडीसाठी ९९९, साध्या सल्ल्यासाठी १११. हे दोन नंबर आणि मुलाचा नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.

परतताना

खरेदीवरचा व्हॅट विमानतळावर परत मिळतो असं कुणी सांगेल, पण ब्रिटनमध्ये ती सोय जानेवारी २०२१ पासून बंद आहे. निघताना इमिग्रेशनचा काउंटर शोधत फिरू नका, बाहेर जाणाऱ्यांसाठी तो नसतोच. बोर्डिंग पास मात्र जपून ठेवा. वेळेत परतल्याचा तो पुरावा पुढच्या व्हिसाच्या अर्जाला जोडता येतो, आणि पुढच्या वेळी फॉर्म तुम्ही स्वतः भरू शकाल.